दोनशे चौदा नमस्कार

फेब्रुवारी सरत आला होता आणि थंडी आता नावापुरती उरली होती. सकाळी सात वाजता कॉटन ग्रीनच्या बाजूने गार वाऱ्याची एक झुळूक यायची, घोडपदेवच्या गल्लीत दांड्यांवर वाळत घातलेले कपडे हलवून जायची, आणि आठ वाजले की ऊन हजर. हवेत धुरकटपणा होता. समोर नव्याने उठलेल्या टॉवरचे वरचे वीस मजले त्यात गडप झाले होते, त्यामुळे तो टॉवर आज जरा माणसांत आल्यासारखा दिसत होता.

चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत आनंदा धुरी हातात दोर घेऊन उभा होता. वय सहासष्ट, अंगात गंजीफ्रॉक, कमरेला चौकड्याची लुंगी, नजर खाली. गॅलरीच्या तुळईला त्याने एक लोखंडी कप्पी टांगली होती. गोदीतली क्रेन सोडून आठ वर्षं झाली, पण वरून खाली बघत काहीतरी उचलल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. चाळीला लिफ्ट नाही. तेव्हा दळणाचे डबे, तांदळाच्या गोणी, गणपतीचं मखर, एकदा तर जिन्यात न मावलेलं अख्खं कपाट, सगळं आनंदाच्या कप्पीवरून वर चढलेलं. अटी दोनच. गाठ तो शिकवेल तशीच मारायची, आणि माल हवेत असताना खाली कोणी उभं राहायचं नाही.

“बकुळाबाई, बाजूला!”

“झाले की बाजूला. अजून किती होऊ? लालबागला जाऊन उभी राहू काय?” शेजारच्या खोलीतल्या बकुळाबाई खालून ओरडल्या. गिरणीतून आणलेला गव्हाचा डबा त्यांनी दोराला बांधला होता.

“सहा फूट. गोदीत असतात तर मेमो हातात पडला असता.”

“गोदीत असते तर तुम्हाला कोणी विचारलं नसतं!”

आनंदाने उजवा तळवा कठड्यावरच्या लोखंडी खुंटीवर टेकवला, दोन क्षण तसाच ठेवला, मग बोटं कपाळाला, मग छातीला. मग दोर ओढला. आपला हात असा जातो हे आता त्याच्या ध्यानातही येत नसे. एखादा माणूस चप्पल घालताना आधी उजवा पाय घालतो, त्याला विचारलं तर तोही सांगू शकणार नाही, तसंच हे.

डबा वर आला आणि मागून जिन्याने धापा टाकत प्रिती आली.

प्रिती कासारे, वय एकतीस, पलीकडच्या चाळीतल्या जगदीशची थोरली मुलगी. जगदीश म्हणजे आनंदाचा गोदीतला जोडीदार. सत्तावीस वर्षं आनंदा वर क्रेनच्या केबिनमध्ये आणि जगदीश खाली धक्क्यावर, हाताच्या खुणा करून माल कुठे न्यायचा ते सांगणारा सिग्नलमन. साठ फुटांवरून शब्द ऐकू येत नाहीत. त्यामुळे दोघांची मैत्रीही तशीच झाली होती. बोलून फारसं काही ठरायचं नाही, हात हलला की कळायचं.

प्रिती इंजिनिअर झाली आणि परळला, जुन्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत एका कंपनीत लागली. ही कंपनी शिकाऊ कामगारांसाठी कॉम्प्युटरवर खोटी यंत्रं बनवते. खुर्ची खरी, दांडे खरे, समोर पडद्यावर जहाज, धक्का, कंटेनर. पोरगा चुकला तर कंटेनर पडद्यावरच आपटतो, कोणाच्या डोक्यावर नाही. गोदीच्या क्रेनचं सॉफ्टवेअर करायचं ठरलं तेव्हा प्रिती थेट आनंदाकाकाकडे आली होती. अकरा दिवस तिने त्याला त्या खोट्या केबिनमध्ये बसवलं, हातांत वायरी लावलेले मोजे घातले आणि म्हणाली, “काका, तुम्ही फक्त क्रेन चालवा. बाकी मोजे बघतील.” मोज्यांनी बघितलं. हात कधी, कुठे, किती वेळ, किती जोरात, सगळ्याच्या रेघा दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर उमटल्या आणि प्रितीने त्या रेघांवरून सॉफ्टवेअर उभं केलं. आनंदाला त्या अकरा दिवसांतलं आठवत होतं ते एवढंच, की एसी फार होता आणि चहा पांचट.

आता त्या सॉफ्टवेअरला बंदरधंद्यातल्या लोकांच्या संघटनेचं बक्षीस मिळालं होतं. आज चार वाजता वरळीच्या एका हॉटेलात समारंभ. आणि संघटनेचा नियम असा, की ज्याच्या हातावरून हे सगळं बेतलं तो माणूसही बक्षीस घ्यायला स्टेजवर हवा.

“काका, साडेतीनला गाडी येईल. बाबा तुमच्याबरोबर बसतील, मी पुढे जातेय. सफारी इस्त्री केलीय ना?”

“तुझी काकी सकाळपासून तिच्यावर पाणी शिंपडतेय. रिटायरमेंटला शिवलेली आहे, बटण लागलं तर बरं.”

“बटणाचं सोडा. बोलायचं फक्त दोन वाक्यं. मला आनंद झाला, सगळ्यांचे आभार. बस्स. काका, सिरियसली. गोदीतल्या गोष्टी काढू नका.” प्रिती कठड्याला टेकली. रात्रभर झोपली नसावी. “दोन मोठ्या बंदरांचे लोक येणार आहेत. त्यांनी घेतलं तर आमचा सेक्शन परळलाच राहतो. नाहीतर उन्मेष सरांनी स्पष्ट सांगितलंय, हैदराबादला. आठ जण आहोत आम्ही. श्रेयाचं बाळ सात महिन्यांचं आहे, ती कुठली जातेय हैदराबादला? आज तिथे आमचं हसू झालं की संपलं.”

“हसू कशाला होईल?”

“नाहीच होणार. तुमच्या मोबाइलवर व्हिडिओ पाठवलाय, बघून ठेवा. सगळे त्याचंच कौतुक करतायत.” आणि आली तशी खाली पळाली.

आनंदा खोलीत येऊन खाटेवर बसला. त्याची बायको नलू हातात इस्त्री घेऊन मागून डोकावली. व्हिडिओ सुरू झाला. पिवळी हेल्मेटं घातलेली आठ पोरं ओळीने खुर्च्यांवर बसली होती. एका बाईचा गोड आवाज सांगत होता: “तीन टप्प्यांची सुरक्षा तपासणी. पहिला टप्पा, तळवा पॅनलवर, कंपन तपासा. दुसरा टप्पा, बोटं कपाळाशी, हेल्मेट तपासा. तिसरा टप्पा, बोटं छातीशी, पट्टा तपासा.” आठही पोरांनी एका तालात तळवा टेकवला, बोटं कपाळाला लावली, मग छातीला. एकाचा हात कपाळापर्यंत गेला नाही, तर पडद्यावर लाल फुली आली आणि त्याचे पाच मार्क कापले गेले.

“अगो बाये!” नलू म्हणाली. “हे सगळे कोणाच्या पाया पडतत?”

आनंदाने व्हिडिओ परत लावला.

“ओ, ह्यां तर तुमी करतास तां! हेल्मेट खंयचां नि पट्टो खंयचो? नमस्कार आसा तो!”

आनंदा हसायला लागला, आणि पडद्यावर ती लाल फुली परत आली तसा थांबला.

त्याला क्रेन शिकवली होती रत्नागिरीकडच्या हसनमियांनी. केबिनमध्ये चढला की म्हातारा तळवा पॅनलवर टेकवायचा, बोटं कपाळाला, मग छातीला. तो त्यांचा सलाम. आनंदाने चार वर्षं शेजारी उभं राहून बघितलं आणि हात जसाच्या तसा उचलला, फक्त मनात आपल्या गावच्या रवळनाथाचं नाव घेतलं. हसनमियां रिटायर झाले, सलामाचा नमस्कार झाला, हात तोच राहिला. आणि आता तोच हात पाच मार्कांचा झाला होता.

“आता काय करतलास?” नलूने विचारलं.

“सांगूक होया मा तिका.”

“आज? त्या चेडवाचां नुकसान करू नकात. गप रवा.”

“पण स्टेजवर जाऊन खोटां कसां बोलू?”

“खोटां बोला कोण सांगता? गप रवा म्हणतंय. दोन्यांत फरक आसा.” आणि तिने इस्त्री सफारीच्या पोटावर अशी दाबली की जणू आतलं पोटही थोडं बसेल.

साडेतीनला गाडीत जगदीश आधीच बसला होता. पांढरा शर्ट, खिशाला निळं पेन, केस पाणी लावून बसवलेले. आनंदा सफारीत कसाबसा शिरलेला बघून तो म्हणाला, “चाळीस फुटी कंटेनर आलाय रे. दरवाजे नीट लॉक केलेस ना? वाटेत उघडायचे.”

आनंदाने मोबाइल त्याच्या हातात दिला.

इथे जगदीशबद्दल एक सांगायला हवं. घरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंसमोर हात जोडणारा हा माणूस लोखंडासमोर हात जोडायला कधी तयार नव्हता. सत्तावीस वर्षं तो आनंदाला एकच वाक्य ऐकवत आला होता: “अरे, यंत्राला पाया पडलेलं कळत नाही, ग्रीस लावलेलं कळतं.” आणि आनंदाचंही उत्तर ठरलेलं: “तू ग्रीस लाव, मी पाया पडतो. चालतंय ना?”

गाडी सात रस्त्याला आली तोवर जगदीशने व्हिडिओ तीनदा बघितला.

“हे माझ्या पोरीने केलं?”

“हो.”

“म्हणजे माझ्या पोरीने, जगदीश कासारेच्या पोरीने, सगळ्या बंदरांना तुझ्या रवळनाथाच्या पाया पाडलं?”

“रवळनाथाच्या नाही रे. क्रेनच्या.”

ड्रायव्हरने आरशातून मागे बघितलं. जगदीशला हसायला आलं. तो इतका हसला की खिशातलं पेन मांडीवर पडलं. मग एकदम थांबला.

“तिला ठाऊक आहे?”

“नाही. तिला खरंच तपासणी वाटतेय. मी म्हणतो, गेल्या गेल्या तिला सांगून टाकू या.”

“वेडा झालास काय? चार वाजता स्टेजवर जायचंय तिला. हातपाय गळतील. बोलायचं नाही.”

“हे तू सांगतोस? सत्तावीस वर्षं माझ्या नमस्काराच्या नावाने बोंब मारलीस.”

“सत्तावीस वर्षं ऐकलं नाहीस, मग आजच कशाला ऐकतोस? उद्या मी सांगतो तिला. घरी, दार लावून.”

“आणि तिथे कोणी विचारलंच तर?”

जगदीशने हात वर करून मूठ वळली. गोदीत वळलेली मूठ म्हणजे माल आहे तिथेच धरून ठेव. “मी समोरच बसतो. माझ्याकडे बघ. मी सांगेन तसं कर. आजवर कधी चुकीची खूण केलीय मी?”

ती केली नव्हती. 

हॉटेलचा हॉल एवढा थंड होता की आनंदाला परत ते अकरा दिवस आठवले. तीनेकशे माणसं, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं. प्रितीचे मॅनेजर उन्मेष सर पुढे आले. पुण्याचे, कडक कोट, आवाज मऊ. “या काका, या. आपण फक्त दोन वाक्यं बोलायची आहेत, बरं का. मनापासून, पण थोडक्यात.” जगदीश तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर जाऊन बसला. धक्क्यावर उभा राहायचा तसाच, पाठ ताठ.

ज्युरीच्या अध्यक्षबाई मूळच्या गिरगावच्या. तीस वर्षं बंदरात काढलेल्या, आखूड पांढरे केस, आवाज असा की माइक त्यांच्यासमोर शोभेला ठेवल्यासारखा वाटावा. टेबलावर काचेचा नांगर आणि फ्रेम केलेलं मानपत्र. बाईंनी मानपत्र वाचलं. त्यात ‘तीन टप्प्यांची अभिनव सुरक्षा तपासणी’ असं छापलेलं होतं. मग मोठ्या पडद्यावर व्हिडिओ लागला. भिंतीएवढ्या आठ पोरांनी भिंतीएवढे आठ नमस्कार केले. टाळ्या झाल्या. आनंदाला सफारीच्या आत घाम फुटला.

“बक्षीस देण्याआधी मला एक विचारायचंय,” बाई म्हणाल्या. “ह्या तपासणीनंतर शिकाऊ मुलांच्या पहिल्या मिनिटातल्या चुका तिसऱ्या हिश्शाने घटल्या. आकडे मी स्वतः बघितलेत. पण मी एवढी वर्षं बंदरात होते, मला ही तपासणी कुठल्याच नियमात सापडली नाही. आली कुठून?”

“आनंदाकाकांच्या हातातून,” प्रिती अभिमानाने म्हणाली. “आमच्याकडे त्यांनी दोनशे चौदा वेळा क्रेन सुरू केली. दोनशे चौदा वेळा ही तपासणी केली. बाकी सगळं थोडंफार बदलायचं, हे एकदाही नाही. म्हणून आम्हाला कळलं की हेच सगळ्यात महत्त्वाचं असणार.”

बाईंनी माइक आनंदाकडे सरकवला. “काका, पण हेल्मेट तपासायला चार बोटं कपाळाला? ह्यात काय खुबी आहे?”

आनंदाने तिसऱ्या रांगेकडे बघितलं. जगदीशची मूठ वर होती.

“मला आनंद झाला,” आनंदा म्हणाला. “सगळ्यांचे आभार.”

हॉलमध्ये हशा पिकला. उन्मेष सरांनी घाईघाईने टाळ्या सुरू केल्या. बाई काही सोडणाऱ्या नव्हत्या. “तो झाला तुमचा आनंद. हेल्मेटचं सांगा.”

मूठ वरच.

“मॅडम, मी करून दाखवते,” प्रिती म्हणाली. ती पुढे झाली. तिने आपला तळवा टेबलावर टेकवला, डोळे आपोआप मिटले, बोटं कपाळाला लावली, मग छातीला. तीनशे माणसांसमोर. “बघा. कंपन, हेल्मेट, पट्टा.”

आनंदा तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या बापाकडे बघत होता.  जगदीशने एकदा पोरीकडे बघितलं, एकदा छताकडे. आपली शिकलीसवरलेली पोर ठाऊक नसलेली गोष्ट ठासून सांगतेय, आणि आपण ते ठाऊक असून मूठ वळून बसलोय. मग मूठ उघडली. एक तळवा आडवा झाला, आणि त्याच्याखाली दुसऱ्या हाताचं बोट जमिनीकडे रोखून हळूहळू फिरायला लागलं. गोदीतले खलाशी ह्याला ‘आरिया’ म्हणतात. माल उतरव. आडवा तळवा म्हणजे सावकाश.

आनंदाने माल उतरवला.

“मॅडम, हेल्मेटचा काही संबंध नाही. हा नमस्कार आहे.”

परत टाळीसाठी उचललेले उन्मेष सरांचे दोन हात मध्येच थांबले. प्रितीचा हात अजून छातीवरच होता.

“मला शिकवणारे हसनमियां सलाम करायचे. मी बघून बघून उचललं, माझा नमस्कार झाला. क्रेनवर बसलो की हात जातोच. मोज्यांना हात दिसला, माणूस दिसला नाही. ह्यात पोरीचा काही दोष नाही. मी तरी कुठे सांगितलं तिला? त्या खोट्या केबिनमध्येही माझा हात गेला हे मलाच आज सकाळी कळलं. बायकोने सांगितलं.”

मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा. मग हे सॉफ्टवेअर आधी वापरून बघितलेल्या एका बंदरातला प्रशिक्षक उभाच राहिला, लालबुंद होऊन हसत. “मॅडम, आमच्याकडे एका पोराने विचारलं होतं, सर, हेल्मेट असं का चाचपायचं? मी त्याला झापला. म्हटलं मॅन्युअलमध्ये आहे, गप कर!” आता मात्र सगळा हॉल हसायला लागला. प्रितीचे कान तापले. ज्या हसण्याला ती महिनाभर घाबरत होती ते हेच, आणि ते तिच्या पुढ्यात, तीनशे तोंडांनी.

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात वर केला तसा हॉल शांत झाला. “मग चुका का घटल्या? देवाने घटवल्या?”

आनंदाने परत तिसऱ्या रांगेकडे बघितलं. जगदीशचं बोट आता वर होतं आणि गोल फिरत होतं. हबेस. उचल.

“देवाचं मला ठाऊक नाही,” आनंदा म्हणाला. “पण मॅडम, नवीन पोरगा खुर्चीत बसला की त्याचा हात पहिला दांड्यावर जातो. बूड टेकायच्या आधी माल हवेत. नमस्कार करायचा तर हात दांड्यावरून काढावा लागतो. हात रिकामा झाला की डोळे खाली जातात. आणि खाली हा उभा असतो.” त्याने बोट दाखवलं. तीनशे माना जगदीशकडे वळल्या. “जगदीश कासारे. ह्या पोरीचा बाप. हा धक्क्यावर कुठे उभा आहे ते बघितल्याशिवाय मी सत्तावीस वर्षांत एकदाही माल उचलला नाही. ते बघायला तीन सेकंद लागतात. नमस्कारालाही तेवढेच लागतात.”

जगदीशने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं. 

 बाई वळून म्हणाल्या, “ही फ्रेम कोणीतरी उघडा.”

फ्रेम उघडायला कोणाकडेच काही नव्हतं. शेवटी हॉटेलचा वेटर लोण्याची सुरी घेऊन आला. मागचा पुठ्ठा निघाला, मानपत्र बाहेर आलं, त्याच्या कोपऱ्याला थोडं लोणी लागलं. बाईंनी ती छापील ओळ खोडली आणि वर शाईने लिहिलं: ‘माल उचलण्याआधी तीन सेकंद हात दांड्यावरून दूर.’ खाली सही केली. “चुका घटल्या म्हणून बक्षीस आहे. घटल्यात ना? मग घ्या.” काचेचा नांगर त्यांनी प्रिती आणि आनंदा दोघांच्या हातांत मिळून दिला. तो चांगला वजनदार होता. आनंदाने सवयीने अंदाज बांधला, अडीच किलो.

पंधरा मिनिटांनी चहाच्या टेबलाशी उन्मेष सर दोन्ही बंदरांच्या लोकांना समजावत होते, “आम्ही पहिल्यापासूनच मानवी पैलूवर भर दिलेला आहे.” त्या लोकांचं सरांकडे लक्ष नव्हतं. त्यातला एक प्रितीला विचारत होता, सोमवारी करारासाठी परळला आलो तर चालेल का, आणि ती तीन सेकंदांची भानगड आमच्या ट्रेलरवाल्यांसाठीही करता येईल का. प्रितीने हो म्हटलं आणि लगेच श्रेयाला फोन लावला. “अगं, हैदराबाद कॅन्सल! नाही, हसले. खूप हसले. सांगते नंतर.”

परतीच्या गाडीत ती दोघांच्या मध्ये बसली होती, नांगर मांडीवर.

“दोनशे चौदा वेळा, काका,” ती म्हणाली. “मी एकदा जरी दार उघडून आत बघितलं असतं तरी कळलं असतं. रेघाच बघत बसले.”

“मला एकदा विचारलं असतंस तरी कळलं असतं,” जगदीश म्हणाला.

“तुम्ही हसला असता.”

“आताही हसतोच आहे.” तो खिडकीबाहेर बघत होता. मग वळला. “पण एक सांगतो. कपाळाला हात लावायची सक्ती काढून टाक. माझ्यासारखा एखादा खुर्चीत बसला आणि त्याने नाही लावला, तर त्याचे पाच मार्क का कापायचे?”

“काढते. हात मांडीवर ठेवा, डोक्यावर ठेवा, खिशात घाला. फक्त तीन सेकंद दांडा सोडा.”

“आणि खाली बघा,” आनंदा म्हणाला.

प्रितीने त्याच्याकडे बघितलं. मग मोबाइल काढून टिपून घेतलं. “पडद्यावर खाली माणूसच दाखवलेला नाही आम्ही,” ती हळूच म्हणाली. “नुसते कंटेनर आहेत.”

“मग दाखव,” जगदीश म्हणाला. “पांढऱ्या शर्टात. जरा हँडसम.”

गाडी घोडपदेवला थांबली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि समोरचा टॉवर धुरक्यातून पूर्ण बाहेर येऊन परत माजला होता. नलू गॅलरीत वाटच बघत होती.

“काय झालां?” ती वरूनच ओरडली. “सांगितलास मा?”

“सांगितलंय!”

“वाटलांच माका. नि बक्षीस?”

प्रितीने नांगर वर धरून दाखवला. नलूने कानांवर बोटं मोडली आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

“आनंदाभाऊ,” बकुळाबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. “बक्षीसबिक्षीस ठीक आहे. माझा ज्वारीचा डबा दुपारपासून खाली बसलाय. तुम्ही वरळीला, मी काय डोक्यावरून नेऊ?”

आनंदा वर गेला, सफारीच्या शर्टातून एकदाचा सुटला, गंजीफ्रॉकवर गॅलरीत आला आणि दोर खाली सोडला. खाली जगदीशने गाठ मारली, ओढून बघितली, आणि कोणी न सांगता सहा फूट बाजूला झाला. मग बोट वर करून गोल फिरवलं. हबेस.

डबा हलेना.

आनंदाचा हात खुंटीच्या वर मधेच थांबला होता. आजवर आपोआप जाणारा हात आता त्याला दिसायला लागला होता, आणि दिसल्यामुळे जाईना.

“काय रे?” जगदीश खालून ओरडला. “अडकला काय?”

“कोणीतरी मोजतंय असं वाटतंय!”

“कर बाबा, कर! मार्क नाही कापत!”

आनंदाने तळवा खुंटीवर टेकवला. बोटं कपाळाला, मग छातीला. खाली बघितलं. जगदीश होता तिथेच होता, भिंतीला लागून, बोट वर करून. मग त्याने दोर ओढला, आणि ज्वारीचा डबा पहिल्या मजल्यावरून जाताना बकुळाबाई ओरडल्या, “सावकाश हो, झाकण सैल आहे!”